सर्व्हर ‘डेडिकेटेड’, बॅकअप ‘रोजचा’ आणि डोमेन त्याच्या नावावर

क्लास, दुकान, सराव परीक्षा असं काहीही ऑनलाइन चालवत असाल आणि गर्दी वाढली म्हणून मोठा सर्व्हर शोधत असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. एका होस्टिंगवाल्याने आमच्याशी जे केलं तेच त्याने नाशिकमधल्या निदान आणखी दोघांशी केलंय, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी आणि माझी मैत्रीण तलाठी, पोलीस भरती आणि एमपीएससीच्या सराव परीक्षा घेतो. आठवडाभर तुरळक मुलं असतात. रविवारी सकाळी १० वाजता मात्र सगळी एकदम लॉगिन करतात. शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर बऱ्याच जणांच्या वेबसाइट) त्या वेळी ‘५०८’चा, म्हणजे मर्यादा संपल्याचा एरर यायला लागला. ‘अनलिमिटेड’ लिहिलेल्या प्लॅनमध्येही एका वेळी किती प्रोसेस चालतील आणि किती सीपीयू मिळेल, याला मर्यादा असतेच. ती जाहिरातीत नसते, अटींच्या पानावर असते. आमचं काम त्या मर्यादेच्या बाहेर गेलं होतं, मोठा सर्व्हर लागणारच होता.

ओळखीतून एक होस्टिंगवाला आला. “ताई, तुम्ही फक्त पेपर टाका, सर्व्हरचं टेन्शन माझं.” कोटेशनवर त्याने लिहून दिलं: डेडिकेटेड सर्व्हर (म्हणजे सबंध मशीन आपलंच), मुंबई डेटा सेंटर, १६ जीबी रॅम, रोजचा बॅकअप, डोमेन (वेबसाइटचा पत्ता) फ्री. तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तर मोठी सूट. वर १८ टक्के जीएसटी लावला, पण पावतीवर जीएसटी नंबरच नव्हता. मागितल्यावर “सीए पाठवतील” हे उत्तर शेवटपर्यंत तेच राहिलं. ज्याची नोंदणी नाही त्याला जीएसटी घेता येत नाही, आणि नंबर खरा आहे का हे जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही मिनिटभरात पाहता येतं.

नव्या सर्व्हरवरच्या पहिल्या मोठ्या रविवारी पेपर सुरू झाला आणि पानं लटकली. मुलांच्या स्क्रीनवर टायमर पळत होता, पण ‘सबमिट’ होत नव्हतं. पेठ तालुक्यातली एक मुलगी रेंजसाठी घराबाहेर येऊन पेपर देत होती, तिचा पूर्ण सोडवलेला पेपर गेला. तिला काय उत्तर द्यायचं? होस्टिंगवाला म्हणाला, “तुमचं कोडिंग हेवी आहे, पुढचा प्लॅन घ्या.”

माझा मावसभाऊ पुण्यात सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. लॉगिन आमच्याकडे होतं, ते त्याला दिलं. त्याने सर्व्हरवरचा भार दाखवणारी ‘टॉप’ ही कमांड चालवली आणि सीपीयूच्या ओळीतल्या शेवटच्या ‘एसटी’ या आकड्यावर बोट ठेवलं. एसटी म्हणजे स्टील टाइम: तुमच्या मशीनला काम करायचंय, पण खरा प्रोसेसर त्या क्षणी दुसऱ्याच कुणाचं काम करतोय. हा आकडा शून्याच्या आसपास हवा. आमचा ऐन पेपरच्या वेळी ४० टक्क्यांच्या वर जात होता. वडापच्या जीपमध्ये माणसं कोंबावीत तशी त्याने एका मशीनवर गिऱ्हाइकं कोंबली होती. ‘एलएससीपीयू’ कमांडने तर सरळ ‘हायपरव्हायजर व्हेंडर: केव्हीएम’ अशी ओळ दाखवली (हायपरव्हायजर म्हणजे एका मशीनचे तुकडे करून देणारं सॉफ्टवेअर, केव्हीएम हे त्यातल्या एकाचं नाव). सबंध मशीन तुमचंच असेल तर ही ओळ येत नाही. म्हणजे आम्हाला डेडिकेटेडच्या भावात व्हीपीएस, म्हणजे मशीनचा असा एक तुकडा, विकला होता. रॅमही ८ जीबीच होती.

मग मावसभावाने नाशिकहून पिंग केलं, म्हणजे सर्व्हरला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. मुंबईतल्या सर्व्हरला जाऊन यायला १०-२० मिलिसेकंद पुरतात, आमचे दीडशेच्या पुढे लागत होते. सर्व्हरच्या आयपीची (इंटरनेटवरच्या क्रमांकाची) नोंद पाहिली तर ती युरोपातल्या एका स्वस्त होस्टिंग कंपनीची निघाली. नुसतं पिंग जास्त आलं म्हणून सर्व्हर परदेशात आहे असं ठरत नाही, रस्ता लांबचा असू शकतो. पण उलटं खोटं बोलता येत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे युरोपातून १५ मिलिसेकंदांत उत्तर येणं शक्यच नाही. (मध्ये क्लाउडफ्लेअरसारखी, सर्व्हरच्या पुढे राहून उत्तर देणारी सेवा असेल तर पिंग तिच्या जवळच्या केंद्राचं येतं, म्हणून सर्व्हरचा मूळ आयपी मागून घ्या.) हे सगळं महिनाभराच्या प्लॅनवर तपासता येतं. म्हणूनच तो महिन्याचा प्लॅन देत नव्हता.

आम्ही हलायची तयारी करत असतानाच डिस्क गेली. बॅकअप मागितला, तर तो त्याच मशीनवर ठेवलेला. १० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या बड्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक अख्खी इमारत जळाली, तेव्हाही ज्यांचा बॅकअप तिथेच होता त्यांचा डेटा कायमचा गेला. ती निदान दुर्घटना होती. इथे आम्हाला रोजच्या बॅकअपचे पैसे लावले होते. प्रश्नसंच आमच्या वर्ड फायलींत होते म्हणून वाचले, मुलांचे आधीचे निकाल गेले. आता डेटाबेसची प्रत रोज दुसऱ्या कंपनीच्या स्टोरेजवर जाते आणि महिन्यातून एकदा ती लॅपटॉपवर चढवून उघडते का ते पाहतो.

सगळ्यात जास्त लागलं ते डोमेनचं. ‘फ्री’ डोमेन त्याने स्वतःच्या फर्मच्या नावाने घेतलं होतं. डॉट कॉम दुसरीकडे न्यायला ट्रान्सफर कोड लागतो. आयकॅन या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीने, तो मागितल्यापासून ५ दिवसांत द्यावा लागतो, पण नोंदीतल्या मालकाला. नोंदीत मालक तो. रजिस्ट्रारने आम्हाला तसंच सांगितलं, आणि होस्टिंगवाल्याने कोडसाठी जी रक्कम मागितली ती ऐकून मैत्रीण रडायलाच लागली. आम्ही दिली नाही. नवं डोमेन घेतलं आणि मुलांना एकेक मेसेज करून नवा पत्ता कळवला. हूइज या डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत हल्ली नाव बऱ्याचदा झाकलेलं असतं, त्यामुळे नुसतं तिथे पाहून भागत नाही. रजिस्ट्रारकडचं खातं तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइलवर हवं, आणि होस्टिंग ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे डोमेन नको.

आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. होस्टिंगवाल्याने उत्तरच दिलं नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. तिथे “सेवा धंद्यासाठी घेतली, हे ग्राहक नाहीत” असा त्याचा बचाव आहे. तुमच्याही बाबतीत हाच येईल. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तू ‘व्यापारी कारणा’तून वगळलेल्या आहेत, तेच सेवेलाही लागू व्हावं यावर आमच्या वकिलांनी बोट ठेवलंय. कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार करावी लागते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. कोटेशनची पीडीएफ, यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपचं अख्खं संभाषण आणि ‘टॉप’चे तारीख-वेळ दिसणारे स्क्रीनशॉट आम्ही जोडले. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं, ते वकिलांकडून सुरुवातीलाच करून घ्या.