कथेसाठी अ‍ॅलर्जी निवडताना: परग्रहावरचे परागकण की गोचिडांचा चावा?

विज्ञानकथेचं कथानक अ‍ॅलर्जीवर बेतायचं, तर दोन वाटा दिसतात. एक, परग्रहावरचा कल्पित पदार्थ. दुसरी, पृथ्वीवरचीच अल्फा-गॅल नावाची शर्करा.

पहिल्या वाटेवर मोकळीक भरपूर. थोडा आधारही आहे: १९७२ साली अपोलो १७ मोहिमेत यानात शिरलेल्या चांद्रधुळीने अंतराळवीर हॅरिसन श्मिट यांचं नाक चोंदलं होतं. पण अडतं ते पहिल्या संपर्कापाशी. यानाचं दार उघडतं आणि पहिल्याच श्वासाला कुणीतरी कोसळतं, हे दृश्य मोहक असलं तरी ती अ‍ॅलर्जी नव्हे, विषबाधा झाली. पहिल्या भेटीत शरीर फक्त आयजीई प्रतिपिंडं, म्हणजे तो पदार्थ ओळखणारी प्रथिनं, तयार करतं. ती मास्ट पेशींवर, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या हिस्टामिन साठवणाऱ्या पेशींवर, बसायला दिवस-आठवडे जातात. पुढच्या भेटीत एकाच प्रथिनाने शेजारच्या दोन प्रतिपिंडांना जोडलं, की अ‍ॅलर्जीची लक्षणं उठवणारं हे हिस्टामिन सुटतं. म्हणजे चमूला आधी तिथे महिनाभर राहू द्यावं लागतं, नाहीतर ते प्रथिन पृथ्वीवरच्या एखाद्या प्रथिनासारखं का दिसतं, हे सांगत बसावं लागतं. शिवाय तिथली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलट्या वळणाची असली, तर आपली विकरं ती प्रथिनं नीट तोडू शकत नाहीत आणि प्रतिकारयंत्रणेला ओळखायला तुकडेच मिळत नाहीत. प्रत्येक डागडुजीला एक परिच्छेद खर्ची पडतो. माझा कौल फिरला तो या कटकटीमुळे.

अल्फा-गॅलमध्ये ही पूर्वतयारी, म्हणजे आयजीई तयार करवण्याचं काम, गोचीडच चाव्यातून करून ठेवतो. ही शर्करा बहुतेक सस्तन प्राण्यांत असते. माणसात आणि वानरांत नसते. चाव्यानंतर काही आठवड्यांनी अशा प्राण्याचं मांस खाल्लं, तर त्रास साधारण २ ते ६ तासांनी सुरू होतो, बरेचदा मध्यरात्री. तोवर जेवणावर कुणाचा संशय राहत नाही. रहस्याला लागणारं अंतर आयतं मिळतं. तोच रेणू शिरेतून गेला, तर मात्र काही मिनिटांत: सेटक्सिमॅब या कर्करोगावरच्या औषधाच्या पहिल्याच मात्रेला काहींना तीव्र झटका आला, तो याच शर्करेमुळे, हे २००८ मध्ये उघड झालं. पहिल्या मात्रेला झटका, पण नियम न मोडता!

कथेचा जीव परग्रहाच्या निसर्गातच असेल, तर पहिली वाट सोडू नये. तेव्हा प्रथिन आपल्याच वळणाचं ठेवावं आणि पहिला झटका दुसऱ्या मोहिमेसाठी राखावा. एरवी, मला वाटतं, गोचीड बरा.