तांबी की हॉर्मोनची तांबी? आधी स्वतःची पाळी आठवून बघा

मी चार वर्षं साधी तांबी, म्हणजे दिवस जाऊ नयेत म्हणून गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी, वापरली आणि आता हॉर्मोनची वापरते, म्हणून मैत्रिणी मला विचारतात, "यातली खात्रीची कोणती?" खात्रीवर फार अडू नका. पहिल्या वर्षात साध्या तांबीवर हजारात साधारण ८ जणींना दिवस जातात, हॉर्मोनच्या तांबीवर त्याहूनही कमी. महिन्यामागून महिने सोबत राहतं ते रक्त आणि पोटातल्या कळा. निवड त्यावरून करावी.

साध्या तांबीत हॉर्मोन नसतं. तांब्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराला हलकी सूज येते आणि प्रोस्टाग्लँडिन हे कळा आणणारं रसायन वाढतं, त्यामुळे रक्त जास्त जातं आणि कळाही येतात. पाळी बहुधा तारखेलाच येते, पण जोरात येते आणि एक-दोन दिवस लांबते. पहिल्या काही महिन्यांत मधेच डागही पडतात. माझे पहिले तीन महिने वाईट गेले. दुसऱ्या दिवशी गाठी पडायच्या आणि रात्री दोनदा उठून पॅड बदलावा लागायचा. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून कळा उतरल्या, रक्त मात्र पूर्वीपेक्षा थोडं जास्तच राहिलं.

हॉर्मोनच्या तांबीची तऱ्हा उलटी. तिच्यातून लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हॉर्मोन थेंबाथेंबाने सुटतं आणि अस्तर पातळ होत जातं. ते स्थिरावेपर्यंत, म्हणजे तीन ते सहा महिने, केव्हाही डाग पडतात. माझ्या कॅलेंडरवर एका महिन्यात सतरा खुणा होत्या. रक्त नावाला, पण रोज पँटीलायनर लावायचा वैताग खरा. पुढे पाळी अगदी हलकी होते, आणि ५२ मिलिग्रॅम हॉर्मोनच्या प्रकारात वर्षभरानंतर साधारण पाचातल्या एकीची बंदच होते. तिथे रक्त आत साठत नाही, अस्तर जाड होतच नाही. ही भीती इतक्या जणींच्या मनात असते की मुद्दाम सांगते.

म्हणून स्वतःला विचारा: तारखेला आलेलं जास्त रक्त सोसेल, की बिनतारखेचे थोडे डाग? आधीच अंगावरून खूप जात असेल, हिमोग्लोबिन कमी असेल किंवा पाळीत आडवं पडावं लागत असेल, तर माझं मत सरळ हॉर्मोनच्या बाजूने आहे. जास्त रक्तस्रावावर तीच तांबी उपचार म्हणूनही बसवतात. पाळी हलकी आहे, हॉर्मोन नको आणि दर महिन्याला पाळी आली की जीव भांड्यात पडतो, अशीला साधी तांबी बरी. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर हॉर्मोनची बसवत नाहीत.

साध्या तांबीच्या कळांवर आणि जास्त रक्तावर आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड पाळीच्या पहिल्या दिवसापासून जेवणानंतर घेतलं तर दोन्ही कमी होतात. अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हॉर्मोनच्या डागांवर गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, तिथे वाट बघणंच हाती असतं.

काही गोष्टींत मात्र वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा. तासाला एक पॅड याप्रमाणे सलग दोन-तीन तास भिजणं, तापासोबत ओटीपोट दुखणं, घाण वासाचा स्राव, तांबीचा दोरा हाताला न लागणं किंवा अचानक लांब लागणं, योनीत तांबीचं कडक टोक लागणं. तांबी सरकली किंवा निसटली तरी रक्त आणि कळा वाढतात, आणि हे पहिल्या वर्षात जास्त घडतं. साध्या तांबीवर पाळी चुकली तर लगेच टेस्ट करा. टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि पोटात एका बाजूला दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण गर्भ नळीत असू शकतो.

सहा महिने उलटूनही नकोसं झालं तर काढून घ्या. बहुधा दवाखान्यात मिनिट-दोन मिनिटांत निघते. "अजून थोडे दिवस बघा" असं मलाही सांगितलं होतं. मी आणखी एक पाळी थांबले, मग काढायचीच म्हणून सांगितलं, आणि साधी तांबी काढून घेतली.