उद्यमनगरातल्या काकांनी घेतलेली चोवीस मापं

फोनवर मी विचारलं होतं, ‘इंजिन उतरवून ब्लॉक कधी आणू?’ पलीकडून उत्तर आलं, ‘ताई, काही उतरवू नका. हाय तशी गाडी घेऊन या. एकदा उघडलं की निम्मं कळायचं राहून जातंय.’ त्या एका वाक्यावर मी मिरजेहून कोल्हापूरला गाडी नेली.

शिवाजी उद्यमनगरातलं हे बोअरिंग-होनिंगचं, म्हणजे इंजिनचे सिलिंडर मापात कापून त्यांची आतली भिंत दगडाने घासून देणारं दुकान. दोनच माणसं, साठीचे काका आणि त्यांचा मुलगा. आधीच हातात पेलवेल त्याहून जास्त काम आहे, म्हणून नाव लिहू नका असं त्यांनीच सांगितलं. ऊस पट्ट्यातल्या पाण्याच्या ऑइल इंजिनांचे लाइनर करत करत काकांचा हात तयार झालाय. टर्बो पेट्रोल गाड्या अलीकडे येऊ लागल्या.

माझी गाडी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटर टर्बो, २० व्हॉल्व्ह, बिडाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य ठोकळा), मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८१ मिलिमीटर. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या गॅरेजकडून इंजिन पूर्ण नवं करून घेतलं होतं. ८१.५ चे फोर्ज्ड (दाबून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन, फोर्ज्ड रॉड, मोठा टर्बो, नवं ट्यूनिंग. पहिले तीन हजार किलोमीटर सुखाचे गेले. सहा हजारांवर आले तेव्हा दर ७०० किलोमीटरला एक लिटर तेल घालावं लागत होतं. टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप काढला की आत तेलाचा ओघळ. त्या गॅरेजचं एकच पालुपद, ‘टर्बो गेलाय, नवा टाका.’ एकही चाचणी न करता.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. रिपोर्ट हातात येण्याआधी औषध लिहिलं तर कसं वाटेल, तसं मला ते ऐकताना वाटलं.

काकांनी बॉनेट उघडायच्या आधी मलाच प्रश्न विचारले. धूर नेमका कधी येतो? घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडून परत दाबला की फुसकन येतो, की ताकद लावली की सतत? तेलाच्या पट्टीला कसला वास येतो? मी म्हटलं, चढाला बूस्ट (टर्बोचा दाब) आला की निळा धूर सतत, आणि पट्टीला पेट्रोलचा वास. उतारानंतर एकदाच फुसकन आला असता तर संशय व्हॉल्व्ह सीलवर गेला असता. सतत म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगा, नाहीतर टर्बो. ते दोन वेगळे कसे करायचे, हे पाहायला मिळालं म्हणून मी हे सगळं एवढं सविस्तर लिहितेय.

मुलाने टर्बोच्या आधीचा, म्हणजे एअर फिल्टरकडून येणारा पाइप सोडवला. तोही आतून ओला. या इंजिनात क्रँककेसची, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीतली वाफ त्याच पाइपात सोडलेली असते. टर्बोचं सील गळत असतं तर तेल टर्बोच्या पुढे दिसलं असतं, आधीचा पाइप एवढा भिजला नसता. म्हणजे तेल खालून, पिस्टनच्या बाजूने ढकललं जात होतं. टर्बोची दांडी बोटांनी हलवून पाहिली, खेळ नव्हता. मग काकांनी कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा भिंगाखाली धरल्या. कडा शाबूत. फिल्टरमधून धूळ आत जात असती तर पहिला मार त्या पात्यांनी खाल्ला असता.

गरम इंजिनवर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते माप घेतलं. पहिल्या तीन सिलिंडरांत १५०, १४८ आणि १४२ पीएसआय, चौथ्यात १०५. चौथ्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा घेतलं, काटा १४० वर गेला. तेलाने फट तात्पुरती बुजली, म्हणजे गळती व्हॉल्व्हमधून नाही. तरीही तिथे न थांबता लीक-डाउन केलं: पिस्टन वरच्या टोकाला आणून दाबाची हवा आत सोडायची आणि किती टक्के पळते ते बघायचं. ९, १०, १४ आणि चौथ्यात ३२. मुलाने मला तेल भरायच्या तोंडाशी कान लावायला सांगितलं. आत स्पष्ट फुस्स ऐकू येत होतं. सायलेन्सरशी गप्प, थ्रॉटलशी गप्प, रेडिएटरमध्ये बुडबुडा नाही. म्हणजे हवा रिंगांवरून खाली पळत होती. एवढ्या तपासणीचे १,५०० रुपये घेतले. माझ्या मते सगळ्या खर्चात हेच पैसे सर्वांत सत्कारणी लागले.

मग कुठे इंजिन उतरलं. तेही काकांनी नाही, समोरच्या फिटरने उतरवलं. हे दुकान जोडणी करत नाही, फक्त मशीनिंग करतं.

ब्लॉक टेबलावर आल्यावर बोअर गेज निघाला. प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये आणि खाली. प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) रेषेत एकदा आणि आडवं एकदा. एका सिलिंडरची सहा, चौघांची चोवीस मापं. गेज लावण्याआधी ब्लॉक रात्रभर दुकानातच ठेवला होता, बाहेरच्या उन्हाचं माप येऊ नये म्हणून. काका आकडे सांगत होते आणि मुलगा एका पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहीत होता.

त्या आकड्यांतच उत्तर होतं. साधारणपणे सिलिंडर वरच्या भागात, पहिली रिंग जिथे थांबून उलटी फिरते तिथे जास्त झिजतो, कारण तिथे दाब आणि ताप जास्त आणि तेलाचा थर पातळ. खाली झीज कमी होत जाते. माझ्या पहिल्या तीन सिलिंडरांत मात्र वर, मध्ये, खाली जवळपास सारखीच झीज होती, दोन-अडीच शतांश मिलिमीटर. रिंगांचे चेहरे सगळ्या घेराने मंद राखाडी, भिंतींवर बारीक उभे ओरखडे. काका म्हणाले, ‘होनिंगची पूड धुतलीच न्हाई त्यांनी. पेट्रोलने पुसलं आसणार.’ होनिंगनंतर दगडाचे कण नक्षीच्या चरांत अडकून राहतात. पेट्रोल किंवा रॉकेलने तेल निघतं, कण जागेवरच राहतात आणि पहिल्या दिवसापासून घासायला लागतात.

चौथ्याचं दुखणं याहून मोठं. वरच्या भागात आडव्या मापाला ८१.५८, होनिंगची तिरकी नक्षी साफ पुसलेली, भिंत आरशासारखी. प्लग काळा आणि ओला. काकांनी इंजेक्टर तपासायला पाठवले. चौथा गळका निघाला. पेट्रोल भिंतीवरचं तेल धुऊन नेत होतं, आणि पट्टीचा वासही त्याचाच.

एक गोष्ट मी माझ्या बाजूने केली होती. मावसभाऊ साखर कारखान्यात आहे. टर्बाइनच्या तेलाच्या नमुन्यांबरोबर त्याने माझ्या इंजिनच्या तेलाची बाटलीही तपासणीला पाठवली. लोह आणि सिलिकॉन दोन्ही चढे आले. सिलिकॉन म्हणजे धूळ, असं मी ठरवून टाकलं होतं. काकांनी कागद शांतपणे वाचला आणि म्हणाले, सिलिकॉन सीलंटमधूनही येतं, होनिंगच्या दगडातूनही येतं, पात्यांच्या कडा बघितल्या ना आपण? लॅबमध्ये एका आकड्यावर निदान करू नका असं नव्या मुलांना मीच सांगत असते, आणि इथे मी तेच करून बसले होते.

जुने पिस्टन ठेवून नुसतं होन करता येईल का, हा माझा पुढचा प्रश्न. माझे फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगणाऱ्या मिश्रधातूचे, त्यांना मुळातच भिंतीपासून आठ शतांश मिलिमीटरची फट दिलेली. त्यात ही झीज आणि होनिंगचं कापणं मिळवलं की फट दुपटीकडे जाते. काकांनी सरळ नाही म्हटलं. ८२ चे पिस्टन मागवले आणि ते आल्यावर प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्याच्या मापाचा त्याचा सिलिंडर कापला.

हेड (सिलिंडरांवरचं झाकण) आवळलं की या ब्लॉकच्या भिंती किंचित ओढल्या जातात, म्हणून होनिंगच्या वेळी हेडच्या जागी जाड पोलादी प्लेट बसवून ती हेडच्याच टॉर्कने, म्हणजे तेवढाच पीळ देऊन आवळावी लागते. अशी प्लेट त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी बनवून घेतली, ९,००० रुपये मी दिले, आता ती दुकानात आहे. रिंगेच्या दोन टोकांमधली फट पहिलीला ०.४५ आणि दुसरीला ०.५० मिलिमीटर ठेवली. टर्बोच्या तापात रिंगेची टोकं एकमेकांना भिडू नयेत म्हणून ती नेहमीपेक्षा मोठी. शेवटी गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश. मग तेलात बुडवलेलं पांढरं मलमल भिंतीवर फिरवायचं, कापड मळलं की पुन्हा धुवायचं. सहाव्या खेपेला कापड पांढरं राहिलं. मी तिथे उभी राहून मोजलं.

आता तक्रारी. आठ दिवस सांगून अठरा लागले. मधले काही दिवस पिस्टनची वाट बघण्यात गेले हे खरं, पण फोन कुणी उचलत नाही, आणि मिरजेहून दोन फेऱ्या फुकट झाल्या. भिंतीचा खडबडीतपणा मोजायचं यंत्र नाही. काका नख आणि भिंग वापरतात. माझ्या कामात ते बरोबर निघालं, तरी मापावर इतकी श्रद्धा असलेल्या माणसाकडे ते यंत्र असायला हवं, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ‘बघू की दिवाळीनंतर,’ म्हणाले.

बोअर आणि होनिंगचे ६,५०० झाले. पहिले ५०० किलोमीटर साधं मिनरल तेल, उगाच आयडलिंग नाही, सांगली-कोल्हापूर रस्त्यावर वेग कमी-जास्त करत आणि मध्येमध्ये गिअरमध्येच पाय सोडत चालवायला सांगितलं, तसं चालवलं. आज ४,२०० किलोमीटर झाले, तेल ३०० मिलिलिटर उतरलंय. परवा लीक-डाउन पुन्हा करून घेतलं: ५, ६, ५, ६. टर्बो तोच, जुनाच.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, सोमवारी बंद असतं. गाडी चालू असेल तर चालवतच न्या, आणि जुन्या कामाची बिलं, पिस्टनच्या खोक्यावरचा मापाचा कागद बरोबर ठेवा. काका तो आधी मागतात.