मिशन टीम की इंटर्नशिप?

परदेशात मिशन टीमसोबत (चर्चतर्फे थोड्या दिवसांसाठी सेवेला जाणारा गट) एक-दोन आठवडे जाऊ की दोन-तीन महिने इंटर्न म्हणून राहू, असं विचारलंयस म्हणून लिहितेय. टीमचा एकूण खर्च कमी, पण विमानाचं तिकीट दोन्हीकडे लागतंच, त्यामुळे दिवसामागे इंटर्नशिप स्वस्त पडते. काम मात्र अगदी वेगळं, टीमवाले येतात, सेवा करतात, जातात, आणि इंटर्न त्यांना एअरपोर्टवरून आणतो, जेवणं, गाड्या, दुभाषे बघतो, टीम गेल्यावरही तिथल्या चर्चच्या मंडळीसोबत राहतो, म्हणून भाषा आणि नाती त्यालाच जमतात. दमायलाही खूप होतं. व्हिसाचं आधी विचारून घे, टुरिस्ट व्हिसावर धार्मिक काम बऱ्याच देशांत चालत नाही. पहिल्यांदाच जातेयस, सुट्टी थोडी आहे तर टीम; पूर्णवेळ सेवेचा खरंच विचार असेल तर इंटर्नशिपच कर.