फोक-पंक ऐकायचंय, सुरुवात कुठल्या अल्बमपासून?

हातात अकूस्टिक गिटार, शब्दांत काळोख आणि त्यावर मिश्कील, थोडं विक्षिप्त हसू. फोक-पंक म्हणजे लोकसंगीताची साधी वाद्यं आणि पंक रॉकचा त्वेष. अशा जातीचं काही ऐकायचं म्हटलं की तीन बँडचे तीन अल्बम हटकून पुढे येतात: व्हायोलंट फेम्सचा त्याच नावाचा पहिला अल्बम (१९८३), द माउंटन गोट्सचा 'ऑल हेल वेस्ट टेक्सस' (२००२) आणि एजेजेचा 'पीपल हू कॅन ईट पीपल आर द लकिएस्ट पीपल इन द वर्ल्ड' (२००७). तिन्ही अमेरिकेतले. यांतला थोर कुठला, या वादात पडण्यात अर्थ नाही. गाणं लागल्यावर तुमचा कान आधी कशाला धरतो, ठेक्याला की शब्दांना, एवढं ठाऊक असलं की निवड बरीच सोपी होते.

ठेकेवाल्यांनी डोळे झाकून फेम्स उचलावा. मिलवॉकीचं हे त्रिकूट १९८१ मध्ये ओरिएंटल थिएटरबाहेर रस्त्यावर वाजवत होतं. आत प्रिटेंडर्स या रॉक बँडचा कार्यक्रम होता. त्यांच्या गिटारिस्टने, जेम्स हनीमन-स्कॉटने, यांना ऐकलं आणि त्याच रात्री या पोरांना आतल्या मंचावर चढायला मिळालं. रस्त्यावरच्या वादनाचा तो सुटसुटीतपणा अल्बममध्येही टिकलाय. व्हिक्टर डीलोरेंझो स्नेअर ड्रमवर ब्रश चालवतो आणि टॉम या दुसऱ्या ड्रमवर उपडी घातलेली पत्र्याची टोपली बडवतो. ब्रायन रिचीचा अकूस्टिक बास मागे गप्प बसत नाही, बऱ्याचदा गाण्याची धून तोच ओढून नेतो. 'ब्लिस्टर इन द सन'ची सुरुवात ऐकलीत की कळेल. 'गॉन डॅडी गॉन'मध्ये मध्येच झायलोफोन येतो, आणि गंमत म्हणजे शोभतो.

फेम्सचा गायक-गिटारिस्ट गॉर्डन गॅनोने यातली बरीच गाणी शाळकरी वयात लिहिली, त्यामुळे काळोखही त्या वयाचाच आहे. मुलगी हो म्हणत नाही, घरच्यांना काही कळत नाही, जग आपल्यावर उठलंय. 'किस ऑफ'मध्ये तो एक ते दहा मोजत जातो, प्रत्येक आकड्याला एक दुखणं चिकटवतो आणि आठवर येऊन चक्क विसरतो की आठ कशासाठी होता! इतक्या त्राग्यात हसवणं सोपं नाही. पण स्पष्ट सांगायचं तर वीस-बाविशी उलटल्यावर पहिल्यांदा ऐकलात तर काही गाणी पोरकट वाटतील, आणि 'ॲड इट अप'मधली आगपाखड खुपेलही.

'ऑल हेल वेस्ट टेक्सस' हा अगदी दुसऱ्या टोकाचा. माउंटन गोट्सचा गायक-गीतकार जॉन डार्नीलने तो एकट्याने, पॅनासॉनिकच्या साध्या कॅसेट रेकॉर्डरवर उतरवला. त्या यंत्राची घरघर गाण्यांखाली सतत ऐकू येते. काहींना त्यात जवळीक वाटते, काहींचं डोकं उठतं. हेडफोन लावून ऐकणारे असाल तर आधी एखादं गाणं चाखून बघा. अल्बम कशाबद्दल आहे ते मुखपृष्ठावरच छापलंय: सात माणसं, दोन घरं, एक मोटरसायकल आणि किशोरवयीन मुलांना कुलपाआड ठेवणारं एक उपचार केंद्र, यांच्याविषयीची १४ गाणी. पहिल्याच गाण्यात टेक्ससमधल्या डेंटन गावातली दोन मुलं डेथ मेटल (कर्कश, गडद रॉक) बँड काढायची स्वप्नं बघतात. मोठी माणसं त्यातल्या एकाला दूरच्या शाळेत पाठवून देतात, आणि शेवटी डार्नील सैतानाचा जयजयकार असा करतो की ऐकणारा मनातल्या मनात मुलांच्या बाजूने उभा राहतो. याला पंक म्हणावं का? काटेकोर माणूस नाही म्हणेल. मी म्हणेन, कारण पुढच्या अनेक गिटारवाल्यांना स्टुडिओविना काम भागतं हे अशाच ध्वनिमुद्रणांतून पटलं. मात्र शब्दांकडे लक्ष न देता मागे लावून ठेवाल, तर एका माणसाची एकसुरी खडखड एवढंच उरेल.

राहिला एजेजे. माझं मत आधीच यांच्या पारड्यात आहे, हे ध्यानात ठेवून वाचा. फिनिक्स शहरातले हे लोक. शॉन बॉनेट गातो आणि गिटार झोडतो, बेन गॅलटी डबल बास वाजवतो. नावाची एक अडचण सांगून ठेवतो: २०१६ पर्यंत बँडचं नाव अँड्र्यू जॅक्सन जिहाद होतं, त्यामुळे जुन्या प्रतींवर तेच दिसेल. अल्बमचं शीर्षक गायिका बार्ब्रा स्ट्रायसँडच्या एका गोड गाण्यातल्या ओळीची टिंगल आहे. माणसांची गरज असणारी माणसं तिथे भाग्यवान ठरतात, इथे माणसं खाणारी!

काळोख आणि विक्षिप्तपणा यांची सर्वांत घट्ट वीण इथे आहे. 'बॅड बॅड थिंग्ज' एका खुन्याच्या तोंडचं, पण चाल अशी की पाय आपोआप ठेका धरतात. तुम्ही गुणगुणू लागता आणि मग कळतं की काय गुणगुणतोय. 'ब्रेव्ह ॲज अ नाउन' जेमतेम दीड मिनिटाचं, भित्रेपणाची कबुली देऊन निघूनही जातं. आणि 'पीपल'मध्ये हाच माणूस आधी मनुष्यजातीला यथेच्छ शिव्या घालतो, मग माझा माणसांवर विश्वास आहे असं म्हणतो, अगदी गंभीरपणे. हे वळण फेम्सकडे नाही. तिथला राग स्वतःपाशीच घुटमळतो. डार्नील पात्रांना जपतो खरा, पण स्वतः आड राहतो. बॉनेट स्वतःलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो.

त्याचा आवाज मात्र सगळ्यांना झेपणार नाही. चिरका, धाप लागलेला, कधी थेट ओरडणं. अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो, ही त्यातल्या त्यात सोय. आत्महत्या, नशा, हिंसा यांचे उल्लेख नको असलेल्या दिवसांत तो बाजूलाच ठेवा. हीच सूचना थोड्या सौम्य स्वरूपात बाकी दोघांनाही लागू.

चार जणांत वाजवायचं असेल तर फेम्सच. इतर दोघांना मंडळी दुसऱ्या गाण्यालाच बंद करा म्हणतील. एकट्याने, गीतं समोर ठेवून ऐकणार असाल आणि आरडाओरड सोसत असेल, तर एजेजे घ्या. ती सोसत नसेल, पण त्यातलं 'पीपल' आवडलं असेल, तर तुमचा अल्बम 'ऑल हेल वेस्ट टेक्सस'. त्याची २०१३ मध्ये मर्ज लेबलने पुन्हा काढलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या, तिच्यात जादा गाणीही आहेत.