लाल पट्टी, १.७ किलो: दुखावलेल्या खांद्यासाठी पाच महिने वापरलेल्या रबरी बँडबद्दल

वेटलिफ्टिंग करणाऱ्यांच्या डोक्यात रंगांचा हिशोब पक्का बसलेला असतो. लाल प्लेट २५ किलो, निळी २०, पिवळी १५, हिरवी १०. त्यामुळे फिजिओथेरपिस्ट मॅडमनी माझ्या हातात लाल रबरी पट्टी ठेवली, तेव्हा तो रंग बघून आत काहीतरी हललं. सोबतच्या तक्त्यात लिहिलं होतं: दुप्पट लांबीपर्यंत ताणली तर १.७ किलो. आणि त्या दिवशी ती मला सलग बारा वेळा ओढता आली नाही. नवव्या वेळी कोपर अंगापासून सुटलं आणि खांदा कानाकडे चढला. मॅडम म्हणाल्या, "थांबा. आठच झाले असं समजा."

दुखापत स्नॅचमध्ये, म्हणजे बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर नेताना, झाली होती. ५८ किलोचा बार डोक्यावर आला, पण जरा जास्तच मागे गेला. तो मागे सोडून पुढे निघायचं, हे मला पहिल्या महिन्यात शिकवलेलं. तरी मी धरून ठेवला. उजव्या खांद्यात खोल कुठेतरी कळ गेली आणि त्या रात्री त्या कुशीवर झोपता आलं नाही. एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटस या खांद्याच्या लहान स्नायूच्या टेंडनला, म्हणजे त्याला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाला, अर्धवट चीर दिसली. शस्त्रक्रियेची गरज नाही, व्यायामाने बघू, असं ठरलं. पहिले दोन आठवडे तर पट्टीही नव्हती; कोपर अंगाला लावून मनगटाची मागची बाजू भिंतीवर दाबायची आणि पाच सेकंद तसंच थांबायचं, एवढंच.

आता पट्टीबद्दल. माझा संच सपाट लॅटेक्सच्या पट्ट्यांचा आहे, प्रत्येकी दीड मीटर लांब. पिवळी सर्वांत हलकी, मग लाल, हिरवी, निळी, काळी. सगळ्या कंपन्या हाच क्रम पाळतात असं नाही, म्हणून घेताना रंगावर न जाता तक्ता वाचावा. दुप्पट लांबीला लाल १.७, हिरवी २.१, निळी २.६, काळी ३.३ किलो. या संचाची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे हे अंतर. चारशे-पाचशे ग्रॅमची वाढ दुखऱ्या टेंडनला समजते आणि सोसते. जिममध्ये पुलअपला आधार म्हणून टांगलेले जाड, गोल जोडलेले बँड मी आधी आणले होते. त्यातला सर्वांत बारीकही या कामाला जड पडला, आणि एकातून दुसऱ्यात जाताना उडी फार मोठी. हँडल लावलेली रबरी नळीही वापरून पाहिली. ती वाईट नाही, पण माझी मूठ फार आवळली जायची आणि जोर खांद्याऐवजी मनगटातून लागायचा. सपाट पट्टी तळहाताभोवती दोन वेढे देऊन सैल धरता येते.

एक गोष्ट मात्र कोणत्याच पाकिटावर ठळक लिहिलेली नसते आणि मला ती तिसऱ्या आठवड्यात कळली. पट्टीचा जोर ती मूळ लांबीच्या किती पट ताणली यावर ठरतो. पन्नास सेंटीमीटरचा तुकडा मीटरभर ताणला तर दुप्पट झाला. मीटरभराचा तुकडा तेवढाच, पन्नास सेंटीमीटर, ओढला तर दीडपटच. पट्टीचं दुसरं टोक मी दारात अडकवते, म्हणजे आज दारापासून एक पाऊल पुढे उभी राहिले की तोच रंग वेगळं वजन होतो. सोमवारी सोपं, बुधवारी दुखतंय, असं माझं चाललं होतं आणि मी दोष खांद्याला देत होते. मग जमिनीवर चिकटपट्टीची खूण केली आणि पट्टीवर पेनाने रेघ मारली, जिथे हात धरायचा तिथे. त्यानंतरच माझ्या वहीतल्या नोंदींना अर्थ आला. बारवर अर्ध्या किलोची प्लेटसुद्धा आपण मोजून लावतो. इथेही तेवढीच काटेकोर राहा, असं मी मनापासून सांगेन.

व्यायाम साधाच. कोपर काटकोनात, काखेत गुंडाळलेला छोटा टॉवेल, आणि पुढचा हात बाहेर फिरवायचा. टॉवेल पडला म्हणजे कोपर सुटलं. बाहेर जाताना दोन सेकंद, परत येताना तीन. खांद्याची खोबण उथळ असते आणि दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसवून ठेवणं हे रोटेटर कफच्या चार लहान स्नायूंचं काम. स्नॅचमध्ये रुंद पकडीने बार डोक्यावर थांबतो तेव्हा याच चौघांची परीक्षा असते. मी वर्षानुवर्षं पाय आणि पाठ बांधली, यांच्यासाठी मुद्दाम काहीच केलं नव्हतं.

उणीव सांगते. पट्टी जितकी ताणाल तितकी जड होत जाते, म्हणजे हालचालीच्या शेवटी सर्वाधिक जोर. बाहेर फिरवताना खांदा नेमका तिथेच दुबळा असतो. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात झटका द्यायचा मोह होतो, आणि झटक्याने मला दोनदा मागे नेलं. यावर उपाय म्हणून एक दिवस पट्टी आणि एक दिवस हलकं डंबेल, असं ठरलं. डंबेलचं वजन खाली ओढतं, त्यामुळे उभ्याने हा व्यायाम करून उपयोग नाही; कुशीवर झोपावं लागतं. तिथे हात जमिनीला समांतर असताना ओझं जास्त आणि वर गेल्यावर कमी, म्हणजे पट्टीच्या बरोबर उलट. दोन्ही मिळून हालचालीचा सगळा पल्ला भरून निघाला. फक्त पट्टीवर विसंबून राहिले असते तर मधला भाग कच्चा राहिला असता, असं मला वाटतं.

दुसरी तक्रार टिकण्याबद्दल. पहिली लाल पट्टी दाराच्या कुलपाच्या पत्र्यावर घासून कडेला कापली गेली. ती बारीक चीर मी पाहिली नाही. ओढताना तुटली आणि मनगटावर वळ उठला; डोळ्यावर आली असती तर काय, या विचाराने पुढचे दोन दिवस मी पट्टीला हात लावला नाही. आता दारात अडकवायचा कापडी पट्टा वापरते आणि सुरू करण्याआधी पट्टी उजेडात धरून पाहते. लॅटेक्सला ऊन आणि तेल सोसत नाही. चिकट व्हायला लागली की थोडी टाल्कम पावडर चोळते. लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी लॅटेक्सविरहित पट्ट्या मिळतात.

लाल सातव्या आठवड्यापर्यंत, मग हिरवी, अकराव्यात निळी, तीही हात खांद्याच्या उंचीवर ठेवून. दुखणं दहापैकी तीनच्या वर जायला नको आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमायला हवं, हा नियम. चौदाव्या आठवड्यात पंधरा किलोचा रिकामा बार डोक्यावर धरला. तिथे पट्टीची मर्यादा स्पष्ट कळली: ती खांद्याला तयार करते, पण डोक्यावरचं वजन सांभाळायची सवय बारनेच लागते. आधी काठी, मग रिकामा बार, मग ओव्हरहेड स्क्वॉट, म्हणजे बार डोक्यावर धरून बैठक. बाविसाव्या आठवड्यात स्नॅच ४५ किलो झाला, आणि या वेळी बार मागे गेल्यावर मी तो सोडला.

अजून प्रत्येक सरावाआधी हिरवीचे पंधरा पंधराचे दोन सेट करते. काळी पट्टी पाकिटातून बाहेर निघालेलीच नाही, पिवळी पहिल्या तीन दिवसांपुरती होती. पुन्हा घ्यायची वेळ आली तर पूर्ण संच न घेता दोन लाल, दोन हिरव्या आणि एक निळी अशा सुट्या घेईन, आणि त्यांच्यासोबतच दारात अडकवायचा पट्टा.