मार्चिंग स्नेअरचं सराव-पॅड: रिमसाठी जास्तीचे पैसे द्यावेत का?

मार्चिंग स्नेअर म्हणजे चालता चालता वाजवायचा ढोल; त्याच्या सरावाला मी लाकडी तळाचं रबरी पॅड वापरते. गेल्या महिन्यात त्या पॅडची रिम, म्हणजे कडेचं उंच कडं, तडकली. रिमशॉट (पॅड आणि रिमवर एकदम ठोका) मारताना आरपार भेग गेली. कंपनीला फोटो पाठवले, बिल पाठवलं. उत्तर आलं की रिम हा झिजणारा भाग, वॉरंटीत बसत नाही. बरं, मग नवी रिम विकत द्या. तर सुटी रिम मिळत नाही, अख्खं पॅडच घ्या म्हणे! रबर शाबूत, लाकडी तळ शाबूत, आणि एका प्लॅस्टिकच्या कड्यापायी सगळं कचऱ्यात टाकायचं? ज्या वस्तूवर रोज काठीने मारायचं, तिचा मार खाणारा भाग सुटा मिळायलाच हवा.

घेताना मला ही रिम नकोच होती. बिनरिमचं मॉडेल 15 डॉलरने स्वस्त होतं, पण ते संपलेलं, म्हणून हे घेतलं. इंडियानापोलिसमध्ये दर ऑगस्टला लुकास ऑइल स्टेडियमवर ड्रम कोअर इंटरनॅशनल या मार्चिंग पथकांच्या स्पर्धेची अंतिम फेरी होते. ती एकदा प्रत्यक्ष ऐकली की हात स्वस्थ बसत नाहीत. खऱ्या मार्चिंग स्नेअरचं केव्हलार या मजबूत धाग्याचं पान इतकं ताणलेलं आणि आवाज इतका मोठा असतो की अपार्टमेंटमध्ये तो वाजवणं अशक्यच. म्हणून पॅड.

सरावाचा क्रम साधा ठेवला. आधी एका हाताने आठ, मग दुसऱ्याने आठ, सगळे ठोके एकाच उंचीवरून. त्यानंतर अ‍ॅक्सेंट-टॅप: जोराचा ठोका 9 इंचांवरून, हलका 3 इंचांवरून. मग पॅराडिडल (उजवा-डावा-उजवा-उजवा, मग उलट), फ्लॅम (मुख्य ठोक्याच्या किंचित आधी एक छोटा ठोका), डबल (एकाच हाताचे लागोपाठ दोन ठोके). परकसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवादकांच्या संस्थेच्या 1984 सालच्या यादीत 40 रुडिमेंट, म्हणजे ठोक्यांचे मूलभूत नमुने, आहेत, पण या दोन व्यायामांत हात बसल्याशिवाय त्या यादीकडे वळू नये असं माझं ठाम मत आहे. मेट्रोनोम चालू, पाय जागच्या जागी तालात. पुण्यात पथकात ताशा वाजवलेला असल्यामुळे वेगाची भीती नव्हती. पण ताशाच्या तर्रीत बारीक काडीची लवचीक उसळी मदतीला येते, इथली हिकरी लाकडाची काठी जाड आणि साधारण 17 इंच लांब. जोराच्या ठोक्यानंतर ती खाली, 3 इंचांवर, थांबवणं हेच खरं काम.

रबराबद्दल थोडक्यात: उसळी जरा जास्तच देतं. डबलचा दुसरा ठोका फुकटात मिळतो, म्हणून आधी दहा मिनिटं उशीवर डबल वाजवते. उशी काहीच परत देत नाही, दुसरा ठोका मनगट-बोटांनीच काढावा लागतो. बाकी तक्रार नाही.

आता रिम. तडकल्यावर प्रत्येक ठोक्याला खरखरायला लागली, म्हणून काढून टाकली आणि तशीच वाजवत राहिले. थोड्याच दिवसांत फ्लॅम बिघडले. आरशासमोर बसून पाहिलं तेव्हा कारण दिसलं: डावा हात पॅडच्या पातळीखाली उतरत होता. मी ट्रॅडिशनल ग्रिपने वाजवते. पूर्वी ढोल खांद्याच्या एका पट्ट्याला लटकून तिरपा राहायचा, म्हणून डाव्या हाताने काठी खालून धरायची पद्धत पडली. आता दोन्ही खांद्यांवरच्या हार्नेसवर ढोल सपाट असतो, पण बऱ्याच ड्रमलाइननी (मार्चिंग पथकातल्या ढोलवादकांच्या ताफ्यांनी) ती पकड टिकवली आहे. या पकडीत डावा हात सहज खाली घसरतो. मग काठीचं टोक वर होतं, कोन चढा होतो आणि फ्लॅममधला छोटा ठोका उंचावरून पडतो. उंच रिम असली की हात खाली गेल्यावर काठीचा दांडा कडेवर आपटतो, चूक लगेच कानावर येते. समोर शिक्षक नसताना इतकी सतत मिळणारी सूचना दुसरी नाही. ते 15 डॉलर मला आता अजिबात जास्त वाटत नाहीत.

सध्या रिम इपॉक्सीने सांधून परत बसवली आहे. हाताची उंची राखायला ती पुरते, रिमशॉट मात्र बंद.

शिकणाऱ्यांनी रिमवालंच पॅड घ्यावं, विशेषतः ट्रॅडिशनल ग्रिप धरणाऱ्यांनी. फक्त पैसे देण्याआधी सुटी रिम मिळते का ते लेखी विचारून घ्या. पॅडला पाचपैकी चार, ग्राहकसेवेला एक. सुटी रिम विकायला लागले तर मी पहिल्या दिवशी दोन मागवेन.